बोटं तयार हायेत

रिक्षात, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत, कुठंही कोणी मोबाईलवर बंदूकबाजीचा गेम खेळताना दिसला की रायभान नाना थांबतात. चष्मा कपाळावर सरकवतात, मान वाकडी करून पडद्यात डोकावतात आणि त्यातल्या पळणाऱ्या बंदूकवाल्याकडं बोट दाखवून विचारतात, "जेवला का तो?"

खेळणारा दचकतो. "कोण?"

"ह्यो. मघापासून पळू राहिला. पोटात काय हाये का त्याच्या? अन् बूट ओले दिसतेत. पायाला फोड आले असतील, बघ जरा."

म्हातारा चळला, असं लोक म्हणतात. मीही बरीच वर्षं तेच म्हणत होतो. मी शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळं कोणत्याही विषयावर मत देण्याचा मला हक्कच आहे.

नाना आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर राहतात. मूळचे देवगाव रंगारीचे. पायदळात चोवीस वर्षं काढून हवालदार म्हणून निवृत्त झाले, मग शेंद्र्याच्या एका कारखान्याच्या गेटवर उभे राहिले, आता तेही सुटलं. बायको वारली. एकुलता एक मुलगा गणेश चाकणला नोकरीला असतो आणि गेली सहा वर्षं तो बापाशी एक शब्द बोललेला नाही. आईच्या दहाव्याला आला, सगळ्यांशी बोलला. नानांच्या हातून पाण्याचा तांब्या घेतला, प्यायला आणि नजर न उचलता परत ठेवला. नाना याबद्दल कधी बोलत नाहीत. फक्त आठवड्यातून एकदोनदा वर येतात आणि म्हणतात, "सर, जरा रिंग मारा बरं मला. वाजतो का बघू." मी रिंग मारतो. फोन वाजतो. "वाजतो की," म्हणतात आणि खाली जातात.

त्यांचं दुसरं वेड खड्ड्यांचं. फौजेत म्हणे नव्या जागी पोचलं की चहाच्या आधी स्वतःपुरता खड्डा खणायचा. ते चोवीस वर्षांत असं अंगात भिनलं की सोसायटीच्या मागच्या रिकाम्या प्लॉटवर नानांनी अकरा खड्डे खणून ठेवलेत. झाडांसाठी, असं सांगतात. झाडं तीनच आहेत. एकदा पार्किंगच्या प्रश्नावर मी बैठकीत वीस मिनिटं मुद्देसूद बोललो. टाळ्यांची वाट बघत होतो. नाना उठले, "सर, आधी खड्डा, मग बाता," म्हणाले आणि निघून गेले. चार दिवस आमच्या मुलीसुद्धा मला तेच ऐकवत होत्या.

मागल्या वर्षी सीमेवर तणाव वाढला आणि आमच्या सोसायटीत युद्ध सुरू झालं. ज्यांना कुकरच्या शिट्टीनं दचकायला होतं, ते ग्रुपवर तोफांचे पल्ले सांगू लागले. टीव्हीवरचे नकाशे चुकीचे आहेत, हे मी सप्रमाण दाखवून दिलं. उंटावरून शेळ्या हाकायला इतके लोक जमले होते की उंट कमी पडले असते. या सगळ्यात कोणी नानांना विचारलं नाही. म्हातारा माणूस, काय कळणार त्याला आताच्या युद्धातलं!

त्यातच दुसऱ्या मजल्यावरच्या किशोर लोखंड्यांना कल्पना सुचली. त्यांची क्रांती चौकात भरतीपूर्व अकॅडमी आहे. त्यांनी एका खोलीत दहा कॉम्प्युटर मांडले आणि 'डिजिटल युद्धसराव' नावाची बॅच काढली. दिवसाला दोन तास धावायचं, चार तास गेम खेळायचा. आईबापांना पटावं म्हणून आमच्याच सभागृहात कार्यक्रम ठेवला आणि शोभेला प्रमुख पाहुणे म्हणून नानांना बसवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

एक हुशार मुलगा उठून छान बोलला. आता ड्रोन असल्याच कंट्रोलरवर उडवतात, आमचं लक्ष, आमचा वेग, आमचा निशाणा घरबसल्या तयार झालेला आहे, आम्हाला फक्त वर्दी द्या. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. खोटं कशाला सांगू, मला ते पटलं होतं.

नाना माईकपाशी गेले. "पोरगा खरं बोलला," ते म्हणाले. "बोटं तयार हायेत. आमच्या टायमाला असली बोटं नव्हती कोनाची. आता बाकीचं बघू. चला समदे मागच्या प्लॉटवर. आईबापबी चला."

मे महिना, दुपारचे बारा. नानांनी सगळ्यांना ढेकळांत पालथं झोपवलं, स्वतःही झोपले. प्रत्येकाच्या हाताशी पाण्याची बाटली ठेवली. हुकूम एकच: एक तास हलायचं नाही, बोलायचं नाही, पाण्याला हात लावायचा नाही. "दुश्मन येनार हाये का नाय, कोनालाच माहीत नाय. बघत ऱ्हायचं. बास."

लोखंड्यांना सातव्या मिनिटाला मुंगळा चावला आणि त्यांनी तिथल्या तिथं माघार घेतली. मी एकोणीस मिनिटं टिकलो आणि मग माझ्या मानेच्या जुन्या दुखण्याला पुढं केलं. तो हुशार मुलगा तिसाव्या मिनिटापर्यंत होता, मग बाटली उचलून रडवेल्या आवाजात म्हणाला, "पण सर, ह्यात करायचं काय असतं?" अर्ध्या तासात अख्खं सैन्य सावलीला आलं. नाना तेवढे राहिले. तास झाला तरी उठेनात, तेव्हा मी हाक मारली. उठले, शर्टाची माती झटकली.

"आमी असं तीन दिवस होतो," ते म्हणाले. "शेजारी बीडकडचा एक जन होता. पहिल्या दिवशी बोलायचा. मंग नाय बोलला."

लोखंड्यांच्या बॅचची वाट लागलेली त्यांच्या तोंडावर दिसत होती. आणि मला, एकोणीस मिनिटांत गारद झालेल्या माणसाला, काय झालं कोण जाणे. ज्याला त्याची जागा दाखवली जाते तो डसतो, मी डसलो. सगळ्यांसमोर म्हणालो, "नाना, हे सगळं ठीक. पण तुमच्या गणेशला तुम्हीच फौजेत जाऊ दिलं नाहीत ना? दुसऱ्यांच्या पोरांना कशाला उन्हात तळता?"

ती गोष्ट सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होती, तोंडावर कोणी काढली नव्हती. गणेशला फौजेचं वेड होतं. धावण्यात पहिला, आणि दिवसरात्र हाच गेम. वयाच्या अटीत बसणारी ती शेवटची भरती होती. त्या दिवशी नानांनी त्याच्या मूळ कागदपत्रांची फाईल आपल्या डब्याच्या पिशवीत घातली आणि शेंद्र्याला ड्यूटीवर निघून गेले. पोरगा मैदानाच्या दारात बॅग उपसत बसला. मूळ दाखले नाहीत म्हणून आत घेतलं नाही. संध्याकाळी नानांनी फाईल टेबलावर ठेवली आणि सांगितलं, मी नेली होती. तेव्हापासूनचं ते मौन.

नाना माझ्याकडं बघत राहिले. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"व्हय सर. मीच आडवला. आदल्या दिशी मला म्हनला, नाना, मला भीती वाटत नाय. मी रोज शंभर मारतो. लई खुशीत होता." नानांनी एक बाटली उचलली. "भीती वाटली असती तं मी सोता नेऊन सोडला असता. ज्याला वाटतच नाय, त्याला कसा धाडू?"

बाटल्या गोळा करून ते घरी गेले. लोक नंतर म्हणाले, म्हातारा भेकड निघाला. देशासाठी दुसऱ्यांची मुलं हवीत, असंही म्हणाले. हे म्हणणाऱ्यांची सगळी मुलं पुण्यात आणि परदेशात कॉम्प्युटरवर आहेत. मी त्यांच्या तोंडावर काही बोललो नाही. माझी थोरली मुलगीही पुण्यातच आहे.

पुढच्या रविवारी दुपारी माफी मागायला म्हणून खाली गेलो. दार उघडंच होतं. नाना खाटेवर बसले होते, कानात वायर, हातात मोबाईल आडवा धरलेला, जीभ दातांत. पडद्यावर धुरळा, बंदुका, पळापळ. तोच गेम.

खरं सांगतो, माफीचं विसरून मला आनंद झाला. सापडला ढोंगी! "काय नाना," मी म्हणालो, "जगाला उपदेश आणि स्वतः?"

त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. मग एका कानातलं काढून माझ्या कानात दिलं.

आत तीन पोरं ओरडत होती. त्यातला एक आवाज मी दहा वर्षं जिन्यात ऐकलेला होता. "अबे इकडं ये ना! काय करू राहिला बे? कव्हर घे! मेला... मेला परत येडा."

गणेशचा आवाज होता.

"रईवारी सुट्टी असती त्याला," नाना हळूच म्हणाले. "त्याचं ह्यातलं नाव मला आधीपास्नं माहीत होतं. कोपऱ्यावरच्या मोबाईलच्या दुकानातल्या पोरीनं जोडून दिलं. मी कोन, त्याला माहीत नाय."

"तुम्ही बोलत नाही?"

"माईक बंद ठिवतो. आवाज वळखंल ना."

नवा डाव सुरू झाला. मी शेजारी बसलो. चोवीस वर्षं खरी बंदूक वागवलेला माणूस त्या खेळात पार कुचकामी होता. बोटं जाडी, बटणं बारकी. दोनदा भिंतीवर गोळ्या घातल्या. तेवढ्यात गणेशचा माणूस गोळी लागून उघड्यावर पडला. बाकीचे दोघं पुढं पळाले, तेच शहाणपणाचं होतं. नाना उलटे फिरले. गोळीबारातून सरळ त्याच्याकडं गेले, त्याला उचलायला बसले आणि उचलता उचलता दोघंही मेले.

"दर टायमाला आसंच होतं," नाना म्हणाले. "लई शिव्या देतो मला. आईवरनं नाय देत पन."

कानात दुसरा कोणी पोरगा वैतागला होता. "गण्या, काढून टाक ना भाऊ ह्या येड्याला टीममधून. कोन हाये कोन जाने. मुका हाये, मारता येत नाय, फुकट हरू राहिलो आपन."

गणेश म्हणाला, "राहू दे रे. खेळता येत नाय त्याला. पन पडलो की सोडून जात नाय."

नानांनी माझ्याकडं बघितलं नाही. अंगठा पडद्याच्या कोपऱ्यातल्या माईकच्या खुणेवर जाऊन थांबला होता.

"नाना, बोला की," मी म्हणालो. "आत्ता बोला."

त्यांनी अंगठा उचलला आणि पँटला पुसला.

"आज बोललो," ते म्हणाले, "तं पुढच्या रईवारी तो यायचा नाय."