पेल्यावर पेला

करीम मिस्त्रीकडं मिक्सर दुरुस्तीला न्या, तो आधी तुमची परीक्षा घेणार. "हे शोध हाय का सुधारणा?" उत्तर चुकलं की मिक्सर फळीवर पडून राहणार. मी चौथी शिकलेला. पंख्याला शोध म्हणालो. "वारा तर आधीच होता, दादाराव," म्हणाला आणि माझा पंखा दोन उन्हाळे फळीवर.

त्याच्या लेखी शोध दोनच, चाक आणि चाळणी. टीव्ही म्हणजे रेडिओला पाडलेली खिडकी. लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले तेव्हा म्हणाला, ही शाळेचीच सुधारणा, फकस्त बाकं जवळजवळ सरकवली.

मरायच्या आधी एक शोध आपल्या नावावर लागावा, हा त्याचा हट्ट. भूकंपानंतर त्यानं एक खोकं केलं. आत लोखंडी गोळा उभा. जमीन हलली की गोळा पडणार, तार जुळणार, घंटी वाजणार. वाजलीही. अख्खी गल्ली रस्त्यावर, मी अर्ध्या दाढीचा. बघतो तर उसाचा ट्रक चाललेला. "सुधारणा करायलोय," एवढंच बोलला.

पण शोध कुणाचा? भूकंप झाल्यापासून आमची ही फडताळात पेल्यावर पेला उपडा ठेवायची. जरा हललं की खणकन पडायचा, आम्ही बाहेर. करीम एकटा माणूस, रोजचा चहा आमच्याच घरी. तिथंच बसून त्यानं ते पेले बघितले. ही गेल्या पोळ्याला गेली. पेले मी तसेच ठेवलेत, हात लावत नाही. म्हणून त्याला तोंडावर सांगितलं, खोक्यावर तुझं नाव घातलंस तर तुझ्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही. तो स्क्रू पिळत राहिला.

परवा एका क्लासचे सर दुकानात आले. त्यांच्या होस्टेलातली पोरं अजून जमीन हलेल म्हणून भितात. मजल्या-मजल्यावर खोकं लावू म्हणाले, जाहिरातीत मिस्त्रीचा फोटो छापू. अट एकच, शोध अगदी नवा पाहिजे. करीम धुतलेला सदरा घालून उभा. मी दारात, तोंडात शिव्या तयार.

"शोध तुमचाच ना?" सरांनी विचारलं.

करीमनं सदऱ्याचं वरचं बटन लावलं. काढलं. परत लावलं. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. माझी मूठ काठीवर आवळलेली.

"न्हाई साहेब," तो म्हणाला. "शोध ह्यांच्या घरच्या भाभीचा. मी घंटी लावली. सुधारणा हाय ही."

सर कळवतो म्हणाले आणि चपला घालून गेले. कळवणार नव्हते, ते आम्हा दोघांनाही कळलं.

मी आत जाऊन स्टुलावर बसलो. करीमनं खोकं कोपऱ्यात सरकवलं, फळीवरून माझा पंखा खाली घेतला, फुंकून धूळ उडवली आणि काही न विचारता उघडायला बसला.