नाल्यातून यष्टी

दुपारपर्यंत मोहरखेडे हे गाव मोहरखेड्याच्याच चौकात काढून झालं होतं.

घरांना गुलाल, विहिरींना स्टीलच्या वाट्या, कपाशीच्या शेतांना मूठ मूठ सरकी आणि बांधांना पांढरी रांगोळी. मधून पाण्यात कालवलेल्या निळीने काढलेला बोरनाला. जळगावच्या एका संस्थेकडून आलेल्या प्रमिला भोळे बाजूला उभ्या राहून पाहत होत्या. त्या वनस्पतिशास्त्र शिकलेल्या होत्या आणि दोन पावसाळे या गावात येत होत्या. नाल्याच्या दोन्ही काठांना पंधरा-पंधरा फुटांचा पट्टा शेतकऱ्यांनी नांगरायचा सोडला, तर तिथे गवत, करंज आणि जांभळं उभी राहतील, माती थांबेल, विहिरींना पाणी राहील, अशी योजना होती. ती गावाने स्वतः आखायची होती, म्हणून ही रांगोळी. दुसऱ्या दिवशी नाशिकचे साहेब येणार होते. काठावरच्या शेतकऱ्यांची संमती नसेल, तर योजना दुसऱ्या गावाला जाणार होती.

रांगोळी बायकांच्या हाती असल्यामुळे नकाशा सुबक झाला. नाल्याच्या अलीकडचं शेत रुपचंदची बायको वच्छलाबाई काढत होती आणि पलीकडचं कौतिकची बायको तानुबाई. वच्छलाबाईने आपला बांध नाल्याकडे बोटभर सरकवला. ते पाहून तानुबाईने दोन बोटं सरकवला. मग बाकीच्या बायकांनाही आपापलं शेत जरा आखूड झाल्यासारखं वाटलं. थोड्याच वेळात नाला दोन बोटांचा उरला. शिवारात एवढं व्हायला तीस वर्षं लागली होती.

प्रमिलाबाईंनी काठावरच्या शेतकऱ्यांना जवळ बोलावलं आणि पट्ट्याचा विषय काढला.

"पहिले त्याले मांगा," रुपचंद समोर बोट दाखवून म्हणाला. "तो देई तर मी बी देसू."

"त्याले सांगा, नाला मना वावरमा घुसी ऱ्हायना," कौतिक म्हणाला. "मी नालामा नही घुसेल."

हे दोघे समोरासमोर उभे होते, पण कित्येक वर्षं एकमेकांशी थेट बोलत नव्हते. त्यांची भांडणंही तिसऱ्या माणसाच्या मार्फत चालत. आज ते काम प्रमिलाबाईंकडे आलं होतं.

"पंधरा फूट म्हणजे किती, ते तरी नकाशावर बघा," त्या म्हणाल्या. "एक हात म्हणजे पन्नास फूट असं आपण धरलंय. पंधरा फूट म्हणजे जेमतेम सात बोटं."

"सात बोटं!" वच्छलाबाई म्हणाली. "बाई, सात बोटंमा मनी एक सरी जाई."

"आणि घाबरू नका. माझ्या मनाचं काही लिहिणार नाही. इथे गावासमोर जे ठरेल, तेच संध्याकाळी कागदावर उतरेल."

हे वाक्य त्यांनी धीर देण्यासाठी उच्चारलं होतं. परिणाम वेगळा झाला. रुपचंद घरी गेला, गोणपाट घेऊन आला, आणि चौकातल्या आपल्या शेतात ते अंथरून बसला.

"हे काय, रुपचंदभाऊ?"

"ताबा," रुपचंद म्हणाला. "कागदवर उतरस तवलग मी आठून उठाव नही."

कौतिकने समोर घोंगडी टाकली. ते पाहून बाकीचे शेतकरीही आपापल्या रांगोळीत जाऊन बसले. शेवटी चुडामण आबा आले. आबा गावात सगळ्यांत वडील, त्यांचा शब्द कोणी मोडत नसे, आणि नाल्याच्या तोंडाशी त्यांचं शेत होतं. निदान ते समजावतील, असं प्रमिलाबाईंना वाटलं. आबांनी वहाणा काढल्या, बांध मोडू नये म्हणून धोतर उचललं आणि ते आपल्या सरकीत मांडी घालून बसले.

तानुबाई नवऱ्याला चहा घेऊन आली. कौतिकचं शेत नकाशाच्या आतल्या बाजूला होतं. ती पाऊल टाकणार, तोच शेजारचा ओरडला, "वहिनी, मना वावरमातून रस्ता नही शे!"

"मंग मी उडीसन जाऊ का?"

"नालामातून जाय. नाला सरकारना शे."

तानुबाई दोन बोटं रुंदीच्या नाल्यावरून पावलापुढे पाऊल ठेवत, तोल सांभाळत गेली. अर्धा चहा बशीत सांडला. कौतिकने तो शेतातच प्याला.

असं सगळं स्थिर झालेलं असताना पाचोऱ्याची यष्टी आली.

मोहरखेड्यात रस्ता संपतो. गाडी चौकात मागे घ्यायची आणि वळवून परत न्यायची, एवढीच जागा. ड्रायव्हर गिरधर पाचोऱ्याचा. त्याने हॉर्न दिला. कोणी हललं नाही. त्याने पुन्हा दिला आणि खाली उतरला.

"ओ मंडळी, उठा. गाडी फिरवायचीय."

"फिरव ना," रुपचंद म्हणाला. "पन मनी कपाशीवरतीन नको."

"कुठंय कपाशी?"

"तुना टायरना पुढे."

गिरधरने टायरपुढे पाहिलं. मग प्रमिलाबाईंकडे पाहिलं. तिथे शिकलेलं असं एकच माणूस त्याला दिसत होतं.

"बाई, काय चाललंय हे?"

"निसर्ग संवर्धनाचं नियोजन," प्रमिलाबाई म्हणाल्या. "लोकसहभागातून."

"मग लोकांना जरा बाजूला सहभागी व्हायला सांगा. मला परत जायचंय."

"मागे मागे घेत जा ना भो फाट्यालग," कौतिकने सुचवलं.

"मधल्या फरशीपुलावरून? तुम्ही बसा मागच्या सीटवर, मग घेतो."

बोलणं वाढलं. गाडीतले उतारू उतरून नकाशाभोवती उभे राहिले. त्यातल्या दोघांची शेतं नाल्यावर होती. तेही जाऊन बसले. गिरधरने पायरीवर बसून तंबाखू मळायला घेतली आणि सांगितलं, की आपली काही तक्रार नाही, मुक्काम इथेच करू.

मुक्काम हा शब्द ऐकून चुडामण आबा ताठ झाले. जळगावला त्यांच्या नातीचा साखरपुडा होता. याच यष्टीने पाचोऱ्याला जाऊन त्यांना संध्याकाळची रेल्वे धरायची होती. ते विचार करू लागले. शेत सोडलं तर शेत जातं, आणि नाही सोडलं तर रेल्वे जाते.

"गिरधर," ते शेवटी म्हणाले, "नाला कोनाच बापना नही शे. नालामातून घे गाडी."

"आबा, ह्या नाल्यातून सायकल जायची नाही."

"मंग नाला रुंद करा रे बठ्ठा!"

आबांनी स्वतःचा बांध तळहाताने पुसला आणि एक हात मागे नवा ओढला. समोरच्यानेही तेवढाच मागे घेतला. पण गाडी काही अर्ध्यात थांबू शकत नाही. आबांचा बांध सरकला तशी पुढच्याची पाळी आली, आणि प्रत्येकाच्या मागे हॉर्न वाजत होता. रुपचंद आणि कौतिक शेवटपर्यंत अडून बसले. मग उतारूंमधली एक म्हातारी म्हणाली, "दोन मानसं, आन गावनी यष्टी अडकाडी ठेयी." गावाची यष्टी अडवण्याचा दोष घरावर घेणं परवडणारं नव्हतं. दोघेही गोणपाट आणि घोंगडीसकट मागे सरकले.

"अजून हातभर!" गिरधर खिडकीतून ओरडत होता. "टायर लागतंय. तुमचंच नुकसान होईल."

गाडी मागे मागे नाल्यात शिरली, थांबली, आणि वळून बाहेर पडली. एकाही शेताचं नुकसान झालं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून सांगितलं, "रुपचंद ठरायी ते मले मान्य!" आणि यष्टी गेली.

मग प्रमिलाबाईंनी टेप काढला आणि नकाशा कागदावर उतरवायला घेतला. नेहमीच्या पद्धतीप्रमाणे त्या नाल्यापासून सुरुवात करून आकडे मोठ्याने वाचत होत्या.

"प्रत्येक काठाला चार हात. चार गुणिले पन्नास. दोनशे फूट."

"काय दोनशे?" रुपचंदने विचारलं.

"तुमचा पट्टा. तुमचा दोनशे, कौतिकभाऊंचा दोनशे."

"बाई, ते यष्टीले दिन्हं! नालाले नही दिन्हं!" कौतिक ओरडला.

"यष्टी नाल्यातूनच गेली ना? गावासमोर ठरलंय. मी माझ्या मनाचं कसं लिहू?"

रुपचंद उठला. पलीकडून कौतिक उठला. दोघांनी रुंद झालेला नाला ओलांडला आणि मध्ये भेटले.

"देख," रुपचंद थेट त्याला म्हणाला, "आपुन पाच सांगू."

"पाच," कौतिकने जाहीर केलं.

प्रमिलाबाई टेप पाहत होत्या. ओल्या निळीत दोनचे आकडे बुडाले होते आणि त्या ते पुसत होत्या, म्हणून बोलल्या नाहीत.

"ऐकत नही," रुपचंद कुजबुजला. "आठ."

टेप अजून निळाच होता.

"बारा," रुपचंद मोठ्याने म्हणाला. "आम्ही पोऱ्यासोऱ्यावाला मानसं."

बाईंनी सुस्कारा सोडला. निळीचा डाग जात नव्हता.

"पंधरा!" कौतिक म्हणाला.

प्रमिलाबाईंनी चटकन मान वर केली आणि होकार द्यायला तोंड उघडलं. वच्छलाबाईने आयुष्यभर बाजारात बांगडीवाले आणि भांडेवाले पाहिले होते. भाव ऐकून उघडलेल्या तोंडातून काय निघतं, ते तिला ठाऊक होतं.

"वीस!" ती मध्ये पडून म्हणाली. "आन आते तोंड उघडू नका, बाई. येन्हावर बोटभर बी भेटाव नही."

प्रमिलाबाईंनी तोंड मिटलं. कागदावर वीस लिहिलं. अंगठे आणि सह्या इतक्या झपाट्याने झाल्या, की शाईचा पॅड पुरला नाही. शेवटचे दोन अंगठे निळीचे उठले.

रुपचंद आणि कौतिक खांद्याला खांदा लावून घराकडे निघाले. वाटेत भेटेल त्याला सांगत होते, की बाई शिकेल शे, पन आम्ही तिले दोनशेवरतीन वीसवर आनी.

रात्री ताट वाढताना तानुबाई काहीतरी आठवत होती.

"काहो, बाई पहिले पंधराच मांगी ऱ्हायनी व्हती ना?"

कौतिकचा घास हातातच राहिला.

"तवय," तो म्हणाला, "यष्टी येल नव्हती."