खाली-वर होणारी सीट

"कोनाचीबी कंबर घेऊन या, फिट बसन! जिंदगीभर प्लांटमधी फिटरचं काम केलं मी, गंमत नोहे!" असं हिरालालनं भिलाईतल्या जुनवानीच्या गल्लीत उभं राहून जाहीर केलं, तेव्हाच खरं म्हणजे कोणीतरी त्याला हाताला धरून घरात न्यायला हवं होतं.

कंबर गेली म्हणून डॉक्टरनं साधी सायकल बंद केली होती. मग या पठ्ठ्यानं मोबाइलवर बघून, दोन जुन्या सायकली कापून, आरामखुर्चीसारखी रेलून चालवायची सायकल बनवली. पाय पुढे, पाठ मागे! सीटच्या पाठीला बिजागरी आणि मागे भोकांची लोखंडी पट्टी. हव्या त्या भोकात पिन घाला, सीट तेवढी झुकते. त्याच्या बायकोनं, कौशल्याबाईंनी, सगळं बघितलं आणि अट घातली.

"रविवारी व्याह्याकडे चरोद्याले जेवाले जाचं हाय. याच्यावर पोचले तं पोचले. नाई तं हे कबाड्याले, अन् तुमी जलमभर माह्या स्कूटीच्या मागं!"

बायकोच्या मागं! ज्या रस्त्यानं शिफ्टला सायकल हाणत गेला, त्याच रस्त्यानं, मांडीवर पिशवी घेऊन! त्यापेक्षा मरण बरं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

मरण आलंही, निदान लोकांना तसं वाटलं. रविवारी भिलाई-३ च्या अलीकडे एका खड्ड्यात पिन उडाली आणि सीट धाडकन आडवी झाली. आता दिसत होतं ते फक्त आभाळ! पोटात उठून बसायचं बळ नाही, उन्हासाठी पांढरा गमछा तोंडभर गुंडाळलेला, आणि पाय पुढे! कडेच्या एका म्हातारीनं डोक्यावर पदर ओढून हात जोडले. रिक्षावाल्यानं गाणं बंद केलं.

"अवो, मी जित्ता हावो!" हिरालाल ओरडला.

म्हातारी किंचाळत पळाली, आणि तशीच धावत सुटलेली सायकल चंपत वेल्डरच्या दुकानापुढच्या रेतीच्या ढिगात घुसली.

"काका, पिन की जगह नट-बोल्ट लावून देऊ का?" चंपतनं विचारलं.

"नट-बोल्ट? हालते ते पडते! वेल्डिंग मार!" प्लांटमध्ये जन्म काढलेल्या माणसाचा सुट्या वस्तूवर भरवसा नसतो.

"अँगल कोनता ठेवू?"

हिरालाल अजून आडवाच होता. आणि काय आश्चर्य, कंबर मुळीच दुखत नव्हती! आडवं पडल्यावर कोणाचीच दुखत नाही, हे काही त्याला सुचलं नाही. रस्ता दिसत नव्हता म्हणून आपण रेतीत आहोत, हेही तो त्या सुखात साफ विसरला.

"आता हाय तसाच! बिलकुल हालवू नको!"

तो खाली उतरला. चंपतनं मन लावून जोड मारला. "हड्डी टूट जाएगी काका, जोड नाई तुटनार!"

हिरालाल ऐटीत सीटवर बसला. म्हणजे झोपला. पुन्हा आभाळ! सीट वर ओढून बघितली, ढकलून बघितली, लाथही घातली. ढिम्म!

"चंपत, काप रे हे!"

तेवढ्यात लाईट गेली.

तो रेतीवर बसून राहिला. खरंच रडू आलं त्याला. आपल्याच हातानं खाली-वर होणारी सीट बनवावी आणि आपल्याच तोंडानं ती कायमची आडवी करावी! शेवटी घरी फोन केला.

कौशल्याबाई आल्या. हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. तेच जास्त झोंबलं. पिशवी त्याच्याकडे देत एवढंच म्हणाल्या, "बसा."

चरोद्यात व्याही भय्याजी दारातच उभे होते. स्कूटीवरून उतरणाऱ्या हिरालालला त्यांनी मायेनं हात दिला.

"काऊन जी, येवढ्या दूर मांगं बसून कंबर लय दुखली असन?"

"लय दुखली," हिरालाल मान खाली घालून म्हणाला.

आता तुम्हाला म्हणून सांगतो, कौशल्याबाईंच्या कानावर जाऊ देऊ नका. सबंध रस्ताभर त्याची कंबर एकदासुद्धा दुखली नव्हती!