घेर पावणेदोन इंच

"त्या दिव्याला हात लावायचा नाही," आई म्हणाली. तिच्या ओठांत पाच-सहा टाचण्या होत्या. टाचण्या धरून आई जे बोलते ते घरात अंतिम मानलं जातं, कारण कुणी उलट बोललं आणि तिनं रागानं श्वास आत ओढला तर काय घ्या!

पण ठिणगी उलट बोलायलाच जन्माला आली होती. हे नाव बाबांनी ठेवलेलं, आणि नववीत गेल्यापासून ती त्या नावाला जरा जास्तच जागत होती.

"अगं, दिवा तोच राहील. फक्त आतले बल्ब बदलायचे. रंग बदलणारे. फोनवरून लाल म्हटलं की लाल, निळं म्हटलं की निळं."

"हे टेलरिंगचं दुकान आहे. सर्कस नाही."

"मॅडमना सर्कसच हवीय!"

यावर आईनं एकेक टाचणी काढून गादीत खोचली. म्हणजे मुद्दा पोचला होता.

मॅडम म्हणजे गावातल्या मोठ्या गायनवृंदाच्या प्रमुख. मागच्या टेलरनं वृंदातल्या छत्तीस जणींना गडद निळे गाऊन शिवून दिले होते. दुकानात झकास दिसले. मंचावर रंगीत दिवे लागले मात्र, आणि गाऊन मागच्या काळ्या पडद्यात विरघळून गेले. "लोकांना वाटलं, नुसती डोकीच गातायत," मॅडम म्हणाल्या होत्या. म्हणून आता आईनं आधी एकच गाऊन नमुन्यासाठी शिवायचा होता. पसंत पडला तर छत्तीस. नाही पडला तर कोपऱ्यावरचं काचेचं रेडिमेड दुकान होतंच. त्या दुकानानं आईलाही बोलावून ठेवलं होतं: दिवसभर मागं बसून लोकांच्या पॅंटी आखूड करायच्या. आई हो म्हणाली नव्हती. पण हल्ली नाहीही म्हणत नव्हती. आणि हेच ठिणगीला सहन होत नव्हतं.

घराच्या पुढच्या खोलीत दुकान, दुकानाच्या कोपऱ्यात पडदा, पडद्याआड आरसा आणि आरशावर तो दिवा. तीन फांद्यांचा, पितळेचा. प्रत्येक फांदीच्या टोकाला काचेचं उमललेलं फूल आणि फुलाच्या पोटात इवलासा बल्ब. ज्यांच्या हाताखाली आई शिवण शिकली त्या मास्तरांनी दुकान बंद करताना तो तिला दिला होता. त्यामुळे दिवा बदलणं म्हणजे आईला मशीन विकायला सांगण्यासारखंच.

"बरं," आई म्हणाली. "पण माप घेऊन आण. अंदाजानं काही आणायचं नाही."

ठिणगीनं एक बल्ब फिरवून काढला. आईनं गळ्यातली टेप ओढली, बल्बच्या आट्यांभोवती सफाईनं गुंडाळली आणि नखानं दाबून वाचलं. "घेर पावणेदोन इंच."

आयुष्यभर कंबर, छाती, मनगट, मान यांचीच मापं घेतलेल्या बाईनं गोल वस्तूचं माप दुसरं कसं घ्यायचं? आणि तिच्याच पोटी जन्मलेल्या मुलीला त्यात काही चुकल्यासारखं कसं वाटायचं? ठिणगीनं टेप उलटी करून मागचे आकडे पाहिले. चव्वेचाळीस मिलिमीटर. मग ती बाबांचा फोन घेऊन बसली. तिला स्वतःचा फोन नव्हता आणि आईचा होता तो बटणांचा.

"आई, चौदा आहे, सत्तावीस आहे, चाळीस आहे. चव्वेचाळीस कुठंच नाही."

"मग चाळीस घे. आत जाणारी वस्तू जरा कमीच असावी, नाहीतर फसते."

इतकं तर्कशुद्ध बोलणं ऐकून बाबांनीसुद्धा मान डोलावली. बाबा शहराच्या बसवर चालक होते; मानेच्या बाबतीत ते उदार होते. फोटोत बल्ब छान गोंडस दिसत होता. खाली 'मोठ्या जागांसाठी उत्तम' असं लिहिलं होतं. त्यावर ठिणगी म्हणाली, "बघ, आपली जागासुद्धा मोठी वाटेल!"

पार्सल आलं तेव्हा ते आणणाऱ्या माणसानं विचारलं, "भोपळा मागवलाय का?"

खोक्यातून निघालेला बल्ब ठिणगीच्या डोक्याएवढा होता. आईनं तो दोन्ही हातांनी उचलला, दिव्याच्या काचेच्या फुलाकडं पाहिलं, पुन्हा बल्बकडं पाहिलं.

"हा फुलात नाही जायचा," बाबा गंभीरपणे म्हणाले. "फूल यात जाईल."

"गोदामातला दिसतो," आई म्हणाली. "लावला तर वर विमानं उतरायला लागतील."

खोकं फोडलेलं होतं, त्यामुळे माल परत जाणार नव्हता. ठिणगीचे साठवलेले पैसे त्या भोपळ्यात गेले होते. दुसरी एखादी मुलगी रडली असती. ठिणगीनं दप्तर रिकामं केलं, त्यात एका बाजूला भोपळा आणि दुसऱ्या बाजूला रुमालात गुंडाळलेला जुना बल्ब ठेवला आणि ती शाळा सुटल्यावर थेट दिव्यांच्या दुकानात गेली.

दुकानदारकाकांनी दोन्ही बल्ब शेजारी शेजारी ठेवले आणि आधी एकाकडं, मग दुसऱ्याकडं बोट केलं.

"याच्या जागी हा?"

"माप घेऊन मागवला होता, काका. घेर चव्वेचाळीस."

"घेर? बल्बची कंबर मोजलीस तू?" काका इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. "बाळ, हे माप आडवं घेतात. या काठापासून त्या काठापर्यंत. हा चौदाचा आहे. छोट्या आट्यांचा."

ठिणगीचे कान लाल झाले, पण ती हलली नाही. "मग चौदाचा द्या. रंग बदलणारा. तीन नग."

काकांनी एक दिला. तो लावून पाहिला तर पांढरा, पिवळट पांढरा आणि निळसर पांढरा इतकेच रंग. "हा रंग नाही बदलत, काका. याचा नुसता मूड बदलतो."

काकांनी दुसरा काढला. आटे बरोबर, रंग भरपूर, पण पोट गोल. "हा फुलात बसणार नाही. आमचं फूल अरुंद आहे."

"मग मोठ्या आट्यांचा घे आणि खाली हा जोड लाव."

"म्हणजे बल्ब फुलाच्या बाहेर मान काढून बसणार. आई मला बाहेर काढेल."

"अगं, नवरा शोधतेयस की बल्ब?"

"नवऱ्याचं नंतर बघू. बल्ब आजच हवा."

शेवटी माळ्यावरच्या खोक्यातून मेणबत्तीच्या ज्योतीच्या आकाराचे तीन बल्ब निघाले. छोटे आटे, बारीक अंग, सगळे रंग. त्यांचे पैसे ठिणगीनं सुट्टीत दुकानातल्या खोक्यांवर चिठ्ठ्या लावून फेडायचे ठरले. "अक्षर कसं आहे?" काकांनी विचारलं. "माझ्यासारखं," ती म्हणाली. काकांनी अंदाज बांधला असावा. त्यांनी सुस्कारा टाकला.

बल्ब फुलांत असे बसले की जणू मास्तरांनी त्यांच्यासाठीच फुलं घडवली होती. घरच्या इंटरनेटवरून ते बाबांच्या फोनला जोडले गेले; आता फोन गावात कुठंही असला तरी चालणार होतं. खोली लाल झाली, हिरवी झाली, आणि आई "पुरे, पुरे" म्हणत आरशात स्वतःचा हिरवा चेहरा मात्र दोनदा पाहून गेली.

गाऊनही तयार होता. त्यात एक गोष्ट फक्त आईला आणि ठिणगीला माहीत होती. मॅडमनी आणलेलं निळं कापड बाह्यांना कमी पडलं होतं. आईनं बाह्यांचं कापड दुसऱ्या ताग्यातून आणलं होतं, दुकानाच्या दारात उन्हात धरून, डोळे बारीक करून, सूतभरही फरक नाही असं. रंग जुळवण्यात आईचा हात धरणारं कुणी नव्हतं. "ट्रायल झाली की सांगू त्यांना," ती म्हणाली होती.

ट्रायलच्या सकाळी बाबांचा एक सोबती आजारी पडला आणि बाबांना अचानक कामावर जावं लागलं. ते गेले. त्यांच्या खिशातून त्यांचा फोनही गेला. आणि फोनमधून सगळे रंग गेले.

"आता?" आई म्हणाली. दारात मॅडमची गाडी थांबत होती.

"आता बाबाच रंग बदलतील," ठिणगी म्हणाली आणि आईचा बटणांचा फोन घेऊन कपाटामागं सरकली. बाबा बसच्या शेवटच्या थांब्यावर चहा पीत होते.

"बाबा, ते दिव्याचं चित्र उघडा. मी सांगेन तो रंग लावायचा. ऊन लावा."

"ऊन म्हणजे कुठला?"

"पिवळट!"

पडद्याआड मॅडम गाऊन घालून उभ्या राहिल्या. पिवळट प्रकाश पडला. "हे तुमचं बाहेरचं ऊन," आई ऐटीत म्हणाली. मॅडमनी गिरकी घेतली. गाऊन अंगाला झकास बसला होता.

"आता मंच. निळा," ठिणगी कुजबुजली.

हिरवा आला.

"बाबा, निळा!"

"हा निळाच आहे की."

"तो पोपटी आहे! शेजारचा!"

"तुझी आई इथं असती तर तिनं सांगितलं असतं," बाबा म्हणाले. "ठिणगे, माझी गाडी सुटायची वेळ झाली. ठेवतो."

"बाबा, थांबा, आधी तो…"

फोन बंद. गाडी चालवताना बाबांनी फोन घ्यायचा नाही हा घरातला कडक नियम होता आणि तो ठिणगीनंच केला होता.

बाबांनी फोन तसाच उघडा खिशात टाकला असणार, कारण पुढच्या क्षणी दिव्याला वेड लागलं. लाल, पोपटी, गुलाबी, पुन्हा लाल. बाबा पायऱ्या चढत होते, बसत होते, पट्टा लावत होते, आणि त्यांच्या प्रत्येक हालचालीनिशी मॅडम रंग बदलत होत्या. शेवटी बाबा सीटवर नीट टेकले असावेत. दिवा गडद जांभळ्यावर येऊन थांबला.

आणि आईचा हात तोंडावर गेला.

जांभळ्या उजेडात गाऊनचं अंग निळंच राहिलं होतं. बाह्या मात्र पिकल्या डाळिंबासारख्या लालभडक दिसत होत्या. उन्हात सख्ख्या बहिणी वाटणारी दोन कापडं इथं एकमेकींना ओळखसुद्धा दाखवत नव्हती.

ठिणगीनं धावत जाऊन बटण बंद केलं, पुन्हा लावलं. पुन्हा जांभळा. हे शहाणे बल्ब शेवटचा रंग लक्षात ठेवतात, हे खोक्यावर लिहिलं होतं आणि तेव्हा तिला ते फार आवडलं होतं.

मॅडम आरशात पाहत उभ्या होत्या.

"मॅडम," आई म्हणाली. तिची मान खाली गेली नाही. "कापड कमी पडलं होतं. बाह्या दुसऱ्या ताग्यातल्या आहेत. मी उन्हात जुळवल्या होत्या. आधी सांगायला हवं होतं. मी उसवून देते."

"आणि दिव्याची कल्पना माझी," ठिणगी मध्येच म्हणाली. "आईचं जुळवणं एक नंबर आहे. हवं तर बाहेर उन्हात चला, आत्ता दाखवते. आणि छत्तीसच्या छत्तीस कापडं मी या दिव्याखाली धरून तपासीन, मग तर झालं?"

"गप्प बस जरा, मुली," मॅडम म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हात हळूच वर उचलले, गाणं सुरू करताना उचलतात तसे. दोन लाल ज्योती आरशात वर चढल्या. त्यांनी हात खाली आणले. पुन्हा वर नेले.

"ताई," त्या म्हणाल्या, "हात दिसतायत."

"काय?"

"हात! मागच्या वेळी नुसती डोकी गात होती. छत्तीस जणींनी एकदम हात वर केले आणि मंचावर अशा बहात्तर बाह्या पेटल्या तर? आणि प्रेक्षागृहातले साधे दिवे लागले की पुन्हा सगळं निळं, सभ्य! तुम्ही हे मुद्दाम केलंत ना?"

आईनं ठिणगीकडं पाहिलं. ठिणगीनं 'हो म्हण' म्हणून इतक्या जोरात मान हलवली की तिची वेणी आरशावर आपटली.

"नाही," आई प्रामाणिकपणे म्हणाली. "पण आता मुद्दाम करीन."

दुसऱ्या दिवशी मायलेकी कापडवाल्या शेठच्या दुकानात उभ्या होत्या. आईच्या काखेत पितळी दिवा होता, त्याची वायर शेठच्या प्लगमध्ये होती आणि बाबांचा फोन ठिणगीच्या मुठीत. भोपळा घरीच होता; आईनं त्यावर बाबांचा फाटका मोजा चढवून रफू करायला घेतला होता आणि इतकी चांगली वस्तू आपण आधीच का मागवली नाही असं म्हणाली होती.

शेठनं मोठ्या ऐटीत दोन तागे जांभळ्या उजेडात पसरले. "बघा ताई! तुमच्यासारखं गिऱ्हाईक म्हणून खास काढले. कुठल्याही दिव्यात धरा, सूतभर फरक दाखवा!"

आईनं डोळे बारीक केले. "हे नको."

"का?"

"जुळतंय."

शेठनं आपल्या धंद्यातल्या सगळ्या वर्षांत असं वाक्य ऐकलं नव्हतं. पाचव्या ताग्याला मात्र बाही डाळिंबासारखी लाल झाली. मायलेकींनी एकमेकींना टाळी दिली, तेव्हा तर ते गल्ल्यामागच्या खुर्चीत बसूनच राहिले. पण धंदेवाईक माणूस, लगेच सावरले. "ताई, असला दिवा मलाही पाहिजे बुवा. माझ्या घरच्या दिव्यात बसेल का हा बल्ब?"

त्यांनी एक फूल रिकामं केलं, गळ्यातली टेप ओढली आणि बल्बच्या आट्यांभोवती ती सफाईनं गुंडाळायला घेतली.

"घेर नको!" दोघी एकदम ओरडल्या.