ताटावर ताट

"दाक्षायणी, शनिवारी तासभर बोलायचं हं," प्राचार्या शिवलीला मॅडमनी फोनवर बजावलं. "विषय बोर्डावर लावलाय, 'जॉर्डनमधील स्त्रीजीवन'. सगळे संस्थाचालक येणारेत. पुढच्या वर्षी दौऱ्याला परवानगी द्यायची का, ते तुझ्या भाषणावर ठरणारे."

दाक्षायणीने "हो मॅडम" म्हणून फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला. सोलापूरच्या कॉलेजातली ही समाजशास्त्राची प्राध्यापिका कॉलेजच्या अभ्यासदौऱ्यात आठवडाभर जॉर्डनमधल्या मदबा गावात एका घरी राहून आली होती आणि तिथल्या स्त्रीजीवनाचं तिला ओ की ठो कळलं नव्हतं.

सगळा घोळ सासूबाईंच्या शिकवणीचा. "कुणाचं भांडं मोकळं परत द्यायचं न्हाय बग," असं काशम्मांनी तिला लग्न झाल्यापासून पढवलेलं. पहिल्याच दिवशी घरमालकीण उम्म सामी यांनी बशीभर खजुराची बिस्किटं खोलीत आणून ठेवली. दाक्षायणीने बशी शेंगाचटणी भरून परत केली. संध्याकाळी ऑलिव्हचं ताट आलं. त्या ताटातून कडक भाकरी गेली. मग खास तिच्यासाठी बिनमटणाचा, वांगी घातलेला पातेलंभर भात आला. आता पातेल्यात काय घालायचं? शाकाहारी बाईची परदेशात उपासमार नको म्हणून नेलेला शिधा केव्हाच उम्म सामींच्या कपाटात जाऊन बसला होता.

शेवटी तिने उम्म सामींच्याच स्वयंपाकघरात, त्यांच्याच पिठाची धपाटी लावली. दौऱ्यावर बरोबर आलेल्या बाया कोर्ट, विद्यापीठ, महिलांच्या सहकारी संस्था बघत हिंडल्या आणि ही पोळपाटापुढे घाम पुसत राहिली. मुलाखतीला बसावं तर उम्म सामी शेगडीवर काहीतरी ठेवलंय म्हणून उठायच्या. त्या येऊन बसल्या की हिचं तव्यावर करपायचं.

निघायच्या दिवशी त्यांची मुलगी हदील हळूच इंग्रजीत म्हणाली, "मावशी, रागावू नका. आई म्हणते, एकदा तरी भांडं रिकामं द्यायचं होतं. तिने तुमच्याशी बोलायला शाळेतून रजा काढली होती. सगळी रजा स्वयंपाकात गेली."

"मग तिनेच का नाही दिलं रिकामं?"

"आजी गावाहून फोनवर ओरडते ना."

परतीच्या विमानात दाक्षायणी स्वतःवर, सासूवर आणि त्या न पाहिलेल्या आजीवर आळीपाळीने चिडत राहिली.

शनिवारी सभागृह भरलं. मॅडम तिची ओळख करून देत होत्या, 'सखोल अभ्यास' हे शब्द पुन्हा पुन्हा येत होते. दाक्षायणीने टेबलाखाली मोबाईल धरून घाईघाईने हदीलला लिहायला घेतलं. आईला विचारून चार मुद्दे पाठव, नाहीतर माझी लाज जाते. अर्धं लिहून होतंय तोच तिकडूनच निरोप आला.

'मावशी, आईचं उद्या शाळेत भाषण आहे, भारतातलं स्त्रीजीवन. त्यासाठीच तिने तुम्हाला घरी ठेवून घेतलं होतं. तिला काहीच माहीत नाही. मुख्याध्यापिका तापल्यात. चार मुद्दे पाठवता का? ती फार वैतागलीय.'

दाक्षायणीने तो निरोप दोनदा वाचला. मग आपलं अर्धवट लिहिलेलं पुसून टाकलं, मोबाईल पर्समध्ये घातला आणि नाव पुकारल्यावर उठून माईकपाशी गेली.

"जॉर्डनमधली बाई," ती म्हणाली, "आत्ता या क्षणी माझ्याइतकीच वैतागलेली आहे. हे मी खात्रीने सांगू शकते."

बायकांच्या रांगांतून सगळ्यात आधी टाळ्या आल्या.