टक की टकटकटक?

आमच्या समोरच्या राजय्याअण्णांना स्वतःच्या दारावरची बेल ऐकू येत नाही. पोस्टमन दमून परत जातो. दूधवाला खिडकीतून टॉवेल हलवतो, तेव्हा कुठे दार उघडतं. पण माझी गाडी सकाळी नुसती 'टक' म्हणाली, की तिसऱ्या मिनिटाला अण्णा लुंगी सावरत बॉनेटपाशी हजर. गाडीचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नसणार. गॅलरीतून माझं तोंड दिसत असावं.

अण्णा जॉबर होते, म्हणजे यंत्रमाग बिघडला की ज्याला हाक मारतात तो माणूस. चाळीस वर्षं चादरींच्या मागांशेजारी काढली. तो खडखडाट गेला, तो कान घेऊनच गेला. त्या काळातला एक लाकडी धोटा मात्र त्यांच्या हातात कायम असतो. एकेकाळी त्यातून सूत धावायचं. आता अण्णा त्यानं पाठ खाजवतात, कुत्री हाकलतात आणि लोकांच्या गाड्या दुरुस्त करतात.

आणि एक पालुपद. "ऐका की!" ज्याला काही ऐकू येत नाही तो माणूस दिवसभर गल्लीला 'ऐका की, ऐका की' करत फिरतो, याची आम्ही यथेच्छ टिंगल केलेली आहे. आम्ही म्हणजे मुख्यतः मी.

मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. विजेच्या धड्यात माझा हात धरणारा कोणी नाही, असं मीच स्टाफरूममध्ये सांगत असतो. तर बारावीच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी गाडीला चावी दिली. टक. पुन्हा दिली. टक. मी शांतपणे खाली हात घालून बॉनेटचा खटका ओढला आणि उघडलं ते पेट्रोलचं झाकण.

तोवर अण्णा आलेच. गाडीवर तळहात ठेवून म्हणाले, "ऐका की, सर. टक म्हणती, का टकटकटक?"

"त्यानं काय फरक पडतो?" मी ओरडलो. त्यांच्याशी ओरडूनच बोलावं लागतं.

"लई फरक पडतो की! टकटकटक म्हणजे बॅटरी उपाशी हाय. एकच टक म्हणजे पोट भरलंय, पर रुसलीय."

"एकच!"

"दिवे लावा." दिवे झगझगीत लागले. "बगा, बॅटरी चांगली हाय. वैनी, चहाचं पाणी ठिवा! जरा जास्त ठिवा."

मला उशीर होत होता आणि यांना चहा सुचत होता. बायकोनं निमूटपणे पाणी ठेवलं. उकळल्यावर अण्णांनी पातेलं मागवलं आणि पत्ती पडायच्या आत निम्मं पाणी बॅटरीच्या टोकांवर ओतलं. तिथं साचलेली पांढरी-हिरवी भुकटी वाहून गेली. मग सैल क्लॅम्प आवळून त्यांनी धोट्यानं स्टार्टरला दोन टोले दिले.

गाडी सुरू झाली. बॅटरी चांगली असूनही वीज पुढे का जात नाही, हा प्रश्न मी दरवर्षी मुलांना घालतो आणि उत्तर चुकलं तर वर्गात वाचूनही दाखवतो.

उरलेल्या पाण्याचा चहा पिता पिता अण्णांनी विचारलं, "सर, कॉलेजात तुमी शिकवता काय?"

"वीज!"

"बीज? शेतकी व्हय? चांगलं हाय."

मी दुरुस्ती केली नाही. गाडीच्या समोर ते धाडस झालं नाही.

परवा गुरुवारी बायकोनं त्यांच्यासाठी शेंगाच्या पोळ्या दिल्या. बेल वाजवण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी बाजूच्या शेडमधून गेलो. तिथं त्यांची जुनी पांढरी गाडी चादरींच्या खोळीत उभी असते. त्या दिवशी खोळ अर्धी ओढलेली होती आणि अण्णा आत बसून चावी फिरवत होते. टक. शेजारच्या सीटला काकूंची उशी तशीच बांधलेली होती. दर गुरुवारी दोघं नवरा-बायको या गाडीनं अक्कलकोटला जायची. काकूंना जाऊन चार महिने झाले.

गाडीच्या बाबतीत जन्मात एकदा तरी उपयोगी पडावं, म्हणून मी त्यांच्या कानाशी ओरडलो, "अण्णा, क्लॅम्प साफ करायला हवा!"

"म्हाईत हाय की. पाच मिंटाचं काम." ते समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. "पर चालू झाली, तर जायचं कुटं?"

 त्यांनी उशीवर हात ठेवला.

"मला कुटं ऐकू येतंय, सर? मी चावी मारायचो आन् म्हणायचो, 'ऐक की'. मग ती सांगायची, टक का टकटकटक. माजं कान तीच हुती."

म्हणजे 'ऐका की' म्हणत इतके दिवस ते आम्हाला विचारत होते आणि मी हसत होतो. मला माझीच फार लाज वाटली.

पोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन मी शेजारच्या सीटवर बसलो. उशीला पाठ टेकवली नाही. अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि चावी धरली.

"ऐक की," ते म्हणाले. सर म्हणायचं विसरले.

"टक!" मी ओरडलो.

"एकच?"

"एकच, अण्णा! बॅटरी चांगली आहे!"

त्यांनी स्टिअरिंगवर तळहात ठेवला. मग धोटा उचलला आणि दार उघडत म्हणाले, "वैनीला चहाचं पाणी ठिवायला सांगा. जरा जास्त ठिवा म्हणावं."