बुटाचं काय?

आमच्या जठारपेठेतले, फौजेतून निवृत्त झालेले तायडे सुभेदार कुणाही पुढाऱ्याला गाठून एकच प्रश्न विचारतात, "बुटाचं काय?" एका लग्नात नगरसेवक बिचारा आग्रहाने बुंदी वाढत होता. सुभेदारांनी त्याचा हात धरला आणि विषय जवानांच्या बुटांवर आणला. तो गटारींचा माणूस, त्याने बुंदीचं ताट तिथेच सोडून पळ काढला.

अर्थसंकल्पाच्या दिवशी आम्ही शेजारी त्यांच्याकडेच टीव्ही बघतो. आयकरात सूट मिळाली की आम्ही टाळ्या पिटतो आणि सुभेदार टीव्ही बंद करतात.

"जगात जिकडं पाहा तिकडं तोफा सुरू हायत, अन् तुमी सूट पाहून राह्यले. लढाई लागल्यावर बूट शिवाले टाकसान काय?"

मी म्हटलं, "सुभेदार, पैसा रस्त्यालाही लागतो."

"लागते ना. पण रस्ता उशिरा झाला त तुमी शिव्या देता. बूट उशिरा आला त शिव्या द्याले माणूस रायत नाही."

परवा खासदार चौकात आले. सुभेदारांनी अख्खं भाषण उभ्याने ऐकलं आणि मग विचारलं, "साहेब, संसदेत बुटाचं कधी बोलसान?"

आमच्याकडे मतदानाच्या बूथलाही बूटच म्हणतात. साहेब खूश झाले. "काका, बुटाची चिंता नका करू. एकेका बुटावर आपले पोट्टे बसवले हायत."

टाळ्या पडल्या. एका कार्यकर्त्याने सुभेदारांच्या गळ्यात पक्षाचा दुपट्टा टाकला. त्यांनी पुन्हा विचारलं, पण तोवर डीजे सुरू झाला होता. एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी मला साहेबांची किळस आली आणि टाळ्या वाजवणाऱ्या आम्हा सगळ्यांचीही. ज्याला फौजेच्या पैशासाठी हात वर करायला दिल्लीला पाठवलं, त्याला बूट म्हटलं की मतंच ऐकू येतात.

मी सुभेदारांना घरी सोडायला गेलो. त्यांचा एकुलता मुलगा राहुल सध्या बर्फातल्या चौकीवर आहे. ओट्यावर बसून त्यांनी स्पीकरवर फोन लावला.

"बूट कोरडे हायत ना बाप्पा?"

"एकदम बेस्ट हायत बाबा. तुमी उगाच काळजी करून राह्यले."

सुभेदारांनी फोन ठेवला. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "चांगले आहेत म्हणतोय ना पोरगा."

"म्हणीनच तो," सुभेदार म्हणाले. "माह्या पायाची बोटं कापली, तवा मीबी मायले असंच सांगतलं."